टोलचं स्टेटमेंट लॉगबुकाशेजारी ठेवताना

सरकारी कार्यालयाच्या वाहन शाखेकडे फास्टॅगचं काम आलं की सुरुवातीला ते रिचार्जचं काम वाटतं. शिल्लक बघायची, पैसे भरायचे, पावती नस्तीला (फाइलला) लावायची. सलग तीन महिने बँकेचं स्टेटमेंट आणि गाडीचं लॉगबुक शेजारी ठेवून ओळ न् ओळ वाचलं की समज बदलते. टोलची रक्कम लहान असते. पण गाडी अमुक वाजता अमुक ठिकाणी होती, हे ज्याचा आपल्या कार्यालयाशी काही संबंध नाही अशा यंत्राने नोंदवलेलं असतं. डिझेल, चालकाचा अतिकालिक भत्ता (ओव्हरटाइम), भाड्याच्या गाडीचं देयक आणि अधिकाऱ्याचा प्रवास भत्ता या चारही गोष्टी त्या नोंदीला लावून बघता येतात. आम्ही महिन्याची पडताळणी करतो ती मुख्यतः यासाठी.

पुणे–कोल्हापूर दौरा घ्या. राष्ट्रीय महामार्ग ४८ वर खेड शिवापूर, आणेवाडी, तासवडे आणि किणी असे चार नाके लागतात, म्हणजे जाऊन-येऊन आठ नोंदी यायला हव्यात. लॉगबुकात ‘पुणे–कोल्हापूर–पुणे, ४६५ कि.मी.’ असं लिहिलंय आणि स्टेटमेंटवर खेड शिवापूर व आणेवाडीच्या मिळून चारच नोंदी आहेत. गाडी साताऱ्याच्या बाजूला गेल्याचं दिसतं, त्यापुढचं काही दिसत नाही. पुणे–सातारा जाऊन-येऊन साधारण २२५ कि.मी. फरक उरतो २४० कि.मी.चा. लिटरला १२ कि.मी. देणाऱ्या गाडीचं हे २० लिटर डिझेल झालं. नुसत्या टोलचा हिशेब बघणाऱ्याला चार नोंदींचे पैसे वाचलेले दिसतील आणि तो पुढच्या पानावर जाईल.

मात्र इथे घाई करायची नाही. टॅग चालू आहे, शिल्लक आहे, पण नाक्यावरचं यंत्र टॅग वाचू शकलं नाही, तर गाडी पैसे न घेता सोडायची असा राष्ट्रीय महामार्गांवरचा नियम आहे आणि त्याची शून्य रकमेची पावती मिळते. त्यामुळे नोंद नसणं हा प्रश्न आहे, पुरावा नाही. तासवडे आणि किणी, दोन्ही नाके, दोन्ही दिशांना, एकाच दौऱ्यात चुकले असतील तर मात्र विचारायलाच हवं. उलट, नोंद असणं जास्त वजनदार. लॉगबुकात गाडी कार्यालयाच्या आवारात उभी आणि टॅग रविवारी दुपारी नाक्यावर वाचला गेला, तर एक तर गाडी बाहेर होती, नाही तर टॅग दुसऱ्या गाडीत होता, नाही तर नाक्यावर चुकीचा क्रमांक हाताने टंकला गेला. चौथी शक्यता फारशी उरत नाही.

सरकारी गाडीला टोल लागत नाही, हा गैरसमज नवीन अधिकारी रुजू झाला की पुन्हा डोकं वर काढतो. राष्ट्रीय महामार्ग शुल्क (दर निश्चिती व वसुली) नियम, २००८ मधल्या नियम ११ मध्ये सवलतीची यादी आहे. राष्ट्रपती, राज्यपाल, मुख्यमंत्री, न्यायमूर्ती, खासदार, आपापल्या राज्यात आमदार, राज्याच्या हद्दीत मुख्य सचिव, परमवीर चक्रापासून शौर्य चक्रापर्यंतचे सन्मान मिळवलेले वीर, गणवेशातले पोलीस आणि सशस्त्र दलं, कार्यकारी दंडाधिकारी, अग्निशमन, रुग्णवाहिका, शववाहिका, महामार्गाच्याच पाहणीवर किंवा बांधकामावर असलेली शासकीय वाहनं, अशी ती यादी आहे. ‘महाराष्ट्र शासन’ ही पाटी तिच्यात नाही. कृषी, शिक्षण, सहकार, भूजल अशा कार्यालयांची गाडी टोल भरते, आणि भरायलाच हवी. सवलत मिळते तीही पदाला आणि त्या पदाच्या कामाला. तहसीलदार कार्यकारी दंडाधिकारी असतात, पण त्यांची गाडी दुरुस्तीला नेताना चालक एकटाच असेल तर तो कार्यकारी दंडाधिकारी होत नाही. नाक्यावर ओळखपत्र दाखवून, आवाज चढवून गाडी काढली जाते तेव्हा स्टेटमेंटवर काहीच उमटत नाही आणि आमची पडताळणी तिथे आंधळी होते. म्हणून चालकांना आम्ही एकच सांगतो : टॅग वाचू द्या, पैसे कार्यालय भरेल.

कामाची सुरुवात टॅग नोंदवहीपासून होते. प्रत्येक टॅगला एक पान. त्यावर वाहन क्रमांक, टॅगचा क्रमांक, देणारी बँक, वाहनाचा वर्ग (मोटार, जीप, व्हॅन यांचा वर्ग ४), काचेवर चिकटवल्याची तारीख, लावणाऱ्याची सही आणि बँकेत नोंदवलेला मोबाइल क्रमांक. या शेवटच्या रकान्यात सगळ्यात जास्त घोळ सापडतात. टॅग घेताना जो लिपिक हजर असतो त्याचा स्वतःचा क्रमांक दिला जातो, वर्षभरात त्याची बदली होते, आणि मग ओटीपी दुसऱ्या जिल्ह्यात जातो. शाखेच्या नावाने एक सिम घ्यावं, ते कार्यभार हस्तांतरणाच्या यादीत लिहावं. खर्च नगण्य आहे.

टॅग काचेवर चिकटलेला आहे ना, हे महिन्यातून एकदा गाडीजवळ जाऊन हाताने तपासायचं. हातात धरून दाखवायचा सुटा टॅग हीच गैरवापराची मुख्य वाट आहे. कार्यालयाची जीप आणि साहेबांची घरची मोटार दोन्ही वर्ग ४ मध्ये बसतात, त्यामुळे नाक्यावरच्या यंत्राला वर्गात फरक दिसत नाही. भारतीय राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने जुलै २०२५ मध्ये असे सुटे टॅग दिसताच कळवून काळ्या यादीत टाकायला सांगितलं आहे. काच फुटून बदलली की जुना टॅग निकामी होतो. नवा येईपर्यंत चालक तो फाटका टॅग डॅशबोर्डवर ठेवून फिरतात आणि नाक्यावर जादा पैसे भरून येतात. १५ नोव्हेंबर २०२५ ला राष्ट्रीय महामार्गांवर टॅग नसला आणि यूपीआयने भरलं तर सव्वापट, रोख भरलं तर दुप्पट असा नियम लागू झाला. काच बदलण्याच्या मागणीपत्रातच नव्या टॅगची मागणी जोडली तर हा भुर्दंड टळतो.

१ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षं पूर्ण झालेल्या सरकारी गाड्यांच्या नोंदणीचं नूतनीकरण होत नाही. गाड्या निर्लेखित होऊन (नोंदवहीतून कमी होऊन) भंगार केंद्रात जातात. निर्लेखनाच्या नस्तीत बॅटरी, टायर, जॅक, स्टेपनी यांची यादी असते, टॅग नसतो. कार्यालयाच्या सामाईक खात्याला जोडलेला तो टॅग बंद केला नाही तर काच कुठे जाईल आणि कोण वापरेल हे सांगता येत नाही. आम्ही गाडी आवाराबाहेर जाण्याआधी टॅग खरवडून त्याचे तुकडे नस्तीला चिकटवतो आणि बँकेचा बंद केल्याचा ईमेल त्याच पानावर लावतो.

आता महिन्याचं काम. ५ तारखेपर्यंत मागच्या महिन्याचं स्टेटमेंट उतरवून घ्यायचं, तेही एक्सेल किंवा सीएसव्ही स्वरूपात. पीडीएफ घेतलं तर पुन्हा टंकत बसावं लागतं. उघडताच तारखेचा रकाना तपासायचा. संगणकाची मांडणी अमेरिकी असेल तर ५ एप्रिलची ४ मे होते आणि १३ तारखेपासूनच्या नोंदी मात्र बरोबर दिसतात, त्यामुळे चूक लक्षात यायला वेळ लागतो. मग वाहन क्रमांक एकसारखे करायचे. बँक सलग लिहिते, लॉगबुकात मध्ये रेघा असतात. त्यानंतर वेळ. स्टेटमेंटमध्ये बहुधा दोन वेळा असतात : टॅग वाचल्याची आणि पैसे वळते झाल्याची. दुसरी कधी कधी कित्येक तास उशिरा, अगदी पुढच्या दिवशीची असते. ताळमेळ कायम पहिल्या वेळेशी घालायचा. कितीतरी खुलासे केवळ चुकीचा रकाना वाचल्यामुळे मागवले जातात आणि चालकाला विनाकारण मनस्ताप होतो.

लॉगबुकातून सुटल्याची वेळ, पोचल्याची वेळ, सुरुवातीचं आणि शेवटचं मीटर वाचन, ठिकाण, प्रयोजन आणि अधिकाऱ्याची सही घ्यायची. शेजारी कार्यालयापासून प्रत्येक नाक्याच्या अंतराचा एक तक्ता ठेवायचा. तो एकदाच करावा लागतो. गाडी ९.४५ ला निघाली आणि ४० कि.मी. वरचा नाका ९.५५ ला ओलांडला असेल, तर लॉगबुकातली वेळ नंतर भरलेली आहे. आम्ही अर्ध्या तासाचा फरक सोडून देतो. त्यापेक्षा जास्त असेल तर पेन्सिलीने खूण. तिसरा कागद दौरा दैनंदिनीचा. अधिकारी त्या दिवशी रजेवर असेल आणि त्यांच्या गाडीने दोन नाके ओलांडले असतील, तर गाडी दुसऱ्या कोणाला दिली होती का, याचा आदेश शोधायचा. निवडणूक आणि आपत्तीच्या काळात गाड्या जिल्हा यंत्रणेकडे अधिग्रहित होतात. त्या दिवसांचं लॉगबुक वेगळं असतं आणि ते परत मिळवताना नाकी नऊ येतात. गाडी ताब्यात देतानाच त्याची प्रत मागितल्याचं पत्र द्यावं.

शनिवार-रविवारच्या नोंदी आम्ही वेगळ्या रंगात काढतो. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्यात पाच दिवसांचा आठवडा आहे, त्यामुळे त्या दोन दिवसांत किती गाड्या नाक्यावर होत्या हे एका नजरेत कळतं. सुट्टीच्या दिवशी गाडी बाहेर असणं चूक नाही, पण प्रयोजनाच्या रकान्यात ‘शासकीय काम’ एवढंच लिहिलेलं चालत नाही. कोणतं काम, कुठे, कोणाच्या आदेशाने, हे हवं.

पडताळणीत निघणाऱ्या बहुतेक फरकांमागे चोरी नसते, आळस असतो. लॉगबुक आठवड्यातून एकदा भरलेलं, मीटर वाचन अंदाजाने टाकलेलं, अधिकाऱ्याने कोऱ्या पानांवर एकगठ्ठा सह्या करून दिलेल्या. आणि अशा वेळी ज्ञापन (मेमो) निघतं ते चालकाच्या नावाने. हे आम्हाला मनापासून चुकीचं वाटतं. गाडी कुठे न्यायची हे चालक ठरवत नाही. प्रवासाच्या ओळीवर सही ज्याची, पहिला खुलासा त्याच्याकडून मागवावा. सही नसेल तर चालकाला विचारावं, आणि सही का घेतली नाही हेही विचारावं. चालकाने ‘सही मागितली, मिळाली नाही’ असं लिहून दिलं तर ते वजनाने घ्यावं.

खासगी वापर निघालाच तर वसुली टोलची करून थांबू नये. त्या प्रवासाचे सगळे किलोमीटर, इंधन, चालकाचा अतिकालिक भत्ता आणि टोल, असा एकत्र हिशेब करून रक्कम ग्रासवर (शासनाच्या ऑनलाइन भरणा प्रणालीवर) चलानाने जमा करून घ्यावी आणि चलानाची प्रत लॉगबुकाच्या त्याच पानाला लावावी. महिन्याच्या आत केलं तर माणूस भरून मोकळा होतो. दोन वर्षांनी महालेखापालांच्या पथकाने लेखापरीक्षणात आक्षेपाचा परिच्छेद काढला की तोवर तीन बदल्या झालेल्या असतात आणि पत्रव्यवहार निवृत्तीपर्यंत चालतो.

बँकेची किंवा नाक्याची चूकही असते. एकाच फेरीचे दोनदा पैसे, मोटारीला मिनी ट्रकचा दर, उभ्या गाडीचा टोल. याची तक्रार टॅग देणाऱ्या बँकेकडेच करायची, १०३३ या महामार्ग हेल्पलाइनवर नोंदवून तक्रारीचा क्रमांकही घ्यायचा. सोबत त्या वेळेचं लॉगबुकाचं पान आणि फाटकावरच्या नोंदवहीची प्रत जोडली की परतावा मिळायची शक्यता बरीच वाढते. लॉगबुक वेळच्या वेळी भरलेलं नसेल तर आपल्याकडे दाखवायला काहीच नसतं.

खात्यात आगाऊ पैसे किती ठेवायचे? दोन महिन्यांच्या सरासरी खर्चाइतके. मार्चमध्ये अनुदान व्यपगत (लॅप्स) होऊ नये म्हणून वॉलेटमध्ये मोठी रक्कम भरून ठेवली जाते. ३१ मार्चची शिल्लक शासकीय लेख्याबाहेर पडून राहिली असा आक्षेप हमखास येतो. आणि रिचार्ज नाक्याच्या रांगेत उभं राहून करायचा नाही. टॅगची स्थिती प्रणालीत बदलायला वेळ लागला की जादा पैसे भरावे लागतात.

पासचं गणित कागदावर करून बघावं. राष्ट्रीय महामार्गावर मासिक पास ५० एकेरी फेऱ्यांच्या रकमेच्या दोन-तृतीयांशाला मिळतो. २४ तासांत परत आलात तर दोन फेऱ्यांना मिळून एकेरी टोलच्या दीडपट लागतात, तेही आपोआप. एकेरी टोल १०० रुपये धरा. पास सुमारे ३,३३५ रुपये. महिन्यात २२ दिवस जाऊन-येऊन केलं तर पासशिवाय २२ गुणिले १५०, म्हणजे ३,३०० रुपये. म्हणजे २२ दिवसांपर्यंत पास तोट्यात! तेविसाव्या दिवशी फायदा सुरू होतो आणि २५ दिवसांत पासच्या ५० फेऱ्या संपतात. पाच दिवसांच्या आठवड्यात २३ दिवस गाडी त्याच नाक्यावरून जाणारं कार्यालय विरळाच. तरीही ‘पास काढला की स्वस्त’ म्हणून पास काढले जातात.

भाड्याच्या गाड्यांच्या देयकात नेमकी हीच दीडपट लपते. ठेकेदार जाता-येता दोन एकेरी टोल लावतो, २०० रुपये. बँकेतून गेलेले असतात १५०. पावत्यांच्या झेरॉक्सऐवजी त्या टॅगचं बँक स्टेटमेंट देयकासोबत द्यावं, ही अट निविदेतच टाकली की प्रश्न संपतो. मागाहून मागितलं तर देयक अडवल्याची ओरड होते. टोलवर जीएसटी नाही, पार्किंगच्या शुल्कावर १८ टक्के आहे. देयकात दोन्ही एकत्र करून सगळ्यावर कर लावलेला असेल तर परत पाठवावं. मुंबईच्या पाच प्रवेशद्वारांवर, म्हणजे दहिसर, मुलुंडचा लाल बहादूर शास्त्री मार्ग, आनंदनगर, ऐरोली आणि वाशी इथे, १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून हलक्या वाहनांना टोल नाही. त्यानंतरच्या तारखेला मोटारीच्या देयकात वाशीचा टोल दिसला तर तो सरळ कापायचा. विजेवरच्या मोटारींना अटल सेतूवर २२ ऑगस्ट २०२५ पासून माफी आहे. कार्यालयाकडे अशी गाडी असेल तर तिथले पैसे कापले जात नाहीत ना, हे बघावं.

स्वतःच्या मोटारीने दौरा करणाऱ्यांच्या प्रवास भत्त्यात नवा मुद्दा वार्षिक पासचा आहे. १५ ऑगस्ट २०२५ ला तो सुरू झाला : तेव्हा ३,००० रुपयांत २०० फेऱ्या किंवा एक वर्ष, जे आधी संपेल ते, फक्त खासगी मोटार, जीप, व्हॅनला आणि फक्त राष्ट्रीय महामार्ग व राष्ट्रीय द्रुतगती मार्गांवर. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी त्यात येत नाहीत, तिथे टॅगमधून नेहमीसारखे पैसे जातात. त्या दराने पासधारकाला एक फेरी १५ रुपयांना पडते. त्याने दरपत्रक बघून ८५ किंवा १०० रुपयांची मागणी केली तर ती प्रत्यक्ष खर्चाची होत नाही. फार जणांना हे माहीतच नसतं, म्हणून देयकाच्या नमुन्यात ‘वार्षिक पास आहे / नाही’ असा रकाना आम्ही घातला. त्याने वाद निम्मे होतात.

आता वाहन शाखेच्या दुसऱ्या कामाकडे, पार्किंगच्या परवान्यांकडे वळू. इथे पैसा कमी आणि रुसवे-फुगवे जास्त. आधी जागा मोजायच्या. मोटारीला २.५ गुणिले ५ मीटर, दुचाकीला १ गुणिले २ मीटर. अपंग कर्मचाऱ्याच्या मोटारीला ३.६ मीटर रुंदी आणि प्रवेशद्वारापासून ३० मीटरच्या आत. या जागा सुरुवातीलाच पिवळ्या रंगाने आखून वाटपातून बाजूला काढायच्या, उरल्या तर द्यायच्या नव्हेत. मग सलग पाच कामाचे दिवस सकाळी ११ आणि दुपारी ३ वाजता प्रत्यक्ष उभ्या गाड्या मोजायच्या. समजा ६० जागा आहेत, ९० परवाने दिलेत आणि सगळ्यात जास्त भरलेल्या वेळी परवानाधारक गाड्या ५४ निघाल्या, तर परवाने जास्त झालेले नाहीत. आवार तरीही भरलेलं दिसत असेल तर आत परवाना नसलेल्या गाड्या येताहेत, आणि इलाज फाटकावर आहे. नवे परवाने बंद करून काही होणार नाही.

परवाना वाहन क्रमांकावर द्यावा आणि त्यावर पदनाम लिहावं. नुसत्या व्यक्तीच्या नावाचा परवाना बदलीनंतरही फिरत राहतो. एका कर्मचाऱ्याला एकच. दोन मोटारी असतील तर दोन्ही क्रमांक त्याच परवान्यावर. दरवर्षी स्टिकरचा रंग बदलावा, अनुक्रमांक छापलेला असावा आणि फाटकावरच्या सुरक्षारक्षकाकडे क्रमांकांची यादी वाहन क्रमांकाच्या शेवटच्या चार आकड्यांच्या क्रमाने लावलेली असावी. नावाच्या क्रमाने लावलेली यादी गाडी समोर उभी असताना कोणी वाचत नाही. रंगीत झेरॉक्स काढलेले स्टिकर सापडतात ते एकच अनुक्रमांक दोन गाड्यांवर दिसला म्हणून. महिन्यातून एकदा अर्धा तास आवारात फिरून क्रमांक टिपले की पुरतं.

हरवला म्हणून दुसरा मागणाऱ्याला लेखी अर्जावरच द्यावा आणि जुना क्रमांक त्याच दिवशी यादीतून लाल शाईने काढावा. बदली, सेवानिवृत्ती किंवा प्रतिनियुक्तीच्या वेळी आस्थापना शाखेच्या ना-देय प्रमाणपत्रावर ग्रंथालय, भांडार यांच्यासोबत ‘पार्किंग परवाना परत’ आणि ‘टॅग व वाहन ताबा’ अशा दोन ओळी छापून घ्याव्यात. अंतिम वेतन प्रमाणपत्र त्या सह्यांशिवाय निघत नाही, त्यामुळे शेवटच्या दिवशी संध्याकाळी माणूस स्वतःहून काचेवरचा स्टिकर खरवडत वाहनतळावर उभा दिसतो. अर्धवट निघाला तरी घ्यायचा, अनुक्रमांकाचा तुकडा तेवढा शाबूत हवा.